कुकरमधला तिसरा डबा

पत्र: डॉक्टरसाहेब, नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. आमचा कुत्रा गावठी आहे, अंगावर ठिपके म्हणून नाव टिप्या. वय चार वर्षं, वजन वीस किलो, नसबंदी झालेली. आधी त्याला पाकिटातलं कोरडं खाणं देत होतो. सहा महिन्यांपूर्वी सासूबाईंनी ते बंद केलं. "ह्या गोळ्यांवर जनावर जगतंय होय?" असं म्हणून त्या दोन्ही वेळा म्हशीच्या दुधात ज्वारीची भाकरी कुस्करून देतात, वर गुळाचा खडा. तो आवडीनं खातो. पण केस गळायला लागलेत, अंगाची तकाकी गेलीय, सारखा खाजवतो आणि शी पातळ होते. मोबाइलवर बघून चिकन-भात सुरू करावा म्हणते, पण आमच्या स्वयंपाकघरात मांस शिजत नाही. अंडं फार तर मागच्या पडवीत, वेगळ्या भांड्यात. काय शिजवू, किती शिजवू? सासूबाईंचं मन न मोडता जमेल असं सांगा. बेंदराला त्या सगळ्या जनावरांना पुरणपोळी देतात, ती टिप्याला चालते का? मुलं त्याला 'बस', 'शेकहँड' शिकवताना बेदाणे देतात. माझं माहेर तासगावचं, त्यामुळं घरात बेदाण्याला तोटा नाही.
— एक वाचक, सांगली

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही सहज म्हणून जे लिहिलंत, तेच मी आधी घेतो. बेदाणे आजपासून बंद. हे पत्र वाचून खाली ठेवाल तेव्हा मुलांच्या खिशातले काढून घ्या.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषारी ठरू शकतो. 'ठरू शकतो' म्हणतो, कारण एखादा कुत्रा मूठभर खाऊन पचवतो आणि दुसरा तेवढ्यानंच उलट्या करतो, मरगळतो आणि दोन-तीन दिवसांत त्याची लघवी बंद होते. कितीपर्यंत चालेल हे कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. २०२१ साली अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेचं काम बघणाऱ्या पशुवैद्यांनी त्यात एक धागा पकडला, द्राक्षातलं टार्टारिक आम्ल. द्राक्षाची जात आणि पिकलेपण यांवर ते कमी-जास्त असतं, म्हणून त्रासही कमी-जास्त. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंचेचा कोळ घातलेली आमटी त्याच्या ताटलीत नको. आजवर टिप्याला काही झालं नाही ही त्याची पुण्याई समजा. यापुढं कधी चोरून खाल्लेच, तर उलटी होते का याची वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. पहिल्या दोनेक तासांत डॉक्टर पोट रिकामं करू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उद्योग मात्र करू नका, त्या मिठानंच कुत्रं दगावू शकतं.

आता सासूबाईंची बाजू. त्या अर्ध्या बरोबर आहेत, हे त्यांना माझ्या नावानं सांगा. कुत्रं भाकरी पचवतं. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लांडग्याची आणि कुत्र्याची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. पिष्ट पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती निघाल्या, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी बसून खाल्ल्याचा हा परिणाम. तेव्हा 'कुत्र्याला धान्य विष' असं जे मोबाइलवर फिरतं, त्याकडं लक्ष देऊ नका.

राहिलेला अर्धा भाग हिशेबाचा आहे. दिवसाला तीन भाकरी धरू, म्हणजे साधारण १७० ग्रॅम पीठ. त्यातून १७ ग्रॅम प्रथिनं मिळाली. ४०० मिली म्हशीचं दूध, त्यातून आणखी १५-१६ ग्रॅम. कॅलरी झाल्या हजाराच्या घरात, म्हणजे टिप्याचं पोट टम्म भरलं. पण प्रौढ कुत्र्याला हजार कॅलरींमागं किमान ४५ ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि आपली बेरीज बत्तीस-तेहतिसावर अडली. केस म्हणजे बहुतांशी प्रथिनच. शरीराला तुटवडा पडला की ते आधी काळीज-हृदय सांभाळतं आणि केसांचा खर्च कापतं. पातळ शी बहुधा दुधामुळं. मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. गुळाचं तर काहीच कारण नाही.

"आमच्या वाड्यातला कुत्रा बारा वर्षं भाकरीवरच जगला" असं त्या म्हणतील. म्हणू देत. तो भाकरी वाड्यात खायचा आणि उंदीर, घुशी, उकिरड्यावरचं, चार घरांतलं उष्टंमाष्टं असं बाकीचं सगळं गावात. टिप्या फाटकाच्या आत आहे. त्याला जे मिळायचं ते तुमच्या हातूनच.

मात्र खाजेचं सगळं खापर भाकरीवर फोडू नका. खुराक बदलायच्या आधी त्याला आडवा पाडून नीट तपासा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी गोचीड आणि पिसवा शोधा. शेपटीजवळचेच केस जास्त गेले असतील तर पिसवांचा संशय पहिला. डॉक्टरांकडून कातडी खरवडून तपासून घ्या, खरूज असेल तर कितीही अंडी घाला, ती जाणार नाही.

आता शिजवण्याकडं येऊ. वीस किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ९०० ते १००० कॅलरी पुरतात. तुमच्या घराला जमेल असा दिवसाचा खुराक असा: ज्वारीच्या कण्या ११० ग्रॅम, सोयाबीनच्या वड्या ४० ग्रॅम (दोन्ही वजनं कोरडी), लाल भोपळा, दुधी, गाजर यांतलं जे असेल ते दीडशे ग्रॅम, पनीर ६० ग्रॅम, तीन उकडलेली अंडी आणि दीड चमचा करडईचं तेल. करडईच का, तर त्यात कातडीला लागणारं लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. ते नसेल तर सूर्यफुलाचं चालेल.

तुमच्या कुकरमध्ये रोज दोन डबे लागतच असतील, एक डाळीचा, एक भाताचा. टिप्याचा तिसरा लावा. कण्या आणि भिजवून पिळलेल्या वड्या त्यात घाला, भोपळ्याच्या फोडी वर ठेवा, पाणी सढळ हातानं. कण्या बोटानं चेपल्या की लोण्यासारख्या झाल्या पाहिजेत, आपल्या खाण्यापेक्षा मऊ. डबा निवला की वड्या हातानं कुस्करा, पनीर चुरा, शेवटी तेल. अंडी पडवीत उकडा, पांढरं-पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत. कच्चं अंडं देऊ नका, कच्च्या पांढऱ्यामुळं बायोटिन हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. सोयाच्या वड्यांनी सुरुवातीला गॅस धरतो, म्हणून पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा ग्रॅमच घ्या. घ्याल तेव्हा पाकिटावर मसाला किंवा मीठ लावलेलं नाही ना, एवढं बघा.

कण्यांच्या जागी सासूबाईंच्या हातच्या दोन भाकरी चालतात. भाकरी त्यांनी थापावी, त्यांनीच कुस्करावी, वर बिनमिठाचं पातळ ताक घालावं. फक्त दोन म्हणजे दोन. तिसरी त्या गुपचूप देणार हे मला माहीत आहे, आमच्याही घरात तेच चालतं.

मांसाहारी घरांतले वाचकही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात: तेवढ्याच वजनाच्या कुत्र्याला २५० ग्रॅम बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन, २५ ग्रॅम काळीज, एक अंडं, १२० ग्रॅम तांदूळ किंवा कण्या, तीच भाजी, दोन चमचे तेल. काळीज याहून जास्त नको, त्यातलं अ जीवनसत्त्व अंगात साठत जातं. आणि आखाडात मटणाची शिजलेली हाडं कुत्र्यापुढं टाकायची आपली जी रीत आहे, ती सोडा. शिजलेलं हाड चावल्यावर त्याच्या टोकदार चिपा होतात. आखाडातल्या रविवारनंतरचा सोमवार म्हणजे आमच्या दवाखान्यात आतडं तुंबलेल्या आणि खडूसारखी शी अडकलेल्या कुत्र्यांचा दिवस.

वरच्या दोन्ही खुराकांत एक गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली, कारण तिच्यासाठी मला माझीच एक चूक सांगायची आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी जतकडून मी कारवान जातीचं पिल्लू आणलं, मुधोळ संस्थानाच्या नावानं जो मुधोळ हाऊंड ओळखला जातो, तेच. पदवीची शाई वाळली नव्हती आणि डोक्यात एकच, शिकारी कुत्रा आहे, मांसच द्यायचं. ओळखीच्या खाटकाकडून रोज मऊ मांस यायचं, हाड नाही, धान्य नाही. पिल्लू गुटगुटीत दिसायचं. चौथ्या महिन्यात ते उभं राहिलं की पुढचे पाय कंसासारखे बाहेर वाकायला लागले. मनगटाचे सांधे जाड झाले. एका संध्याकाळी हातभर उंचीच्या ओट्यावरून त्यानं उडी मारली आणि पायाचं हाड काटकीसारखं मोडलं. मी स्वतः डॉक्टर, आणि माझ्याच दारात हे.

मांसात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. अंड्याचा बलक, सोया, धान्य यांचीही तीच गत. रक्तातला तोल सांभाळायला शरीर कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून उचलतं. पिल्लात ते चार महिन्यांत दिसतं, मोठ्या कुत्र्यात वर्षं जातात, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. ते पिल्लू वाचलं, पण शेवटपर्यंत पुढचा पाय टाकताना जरा झुकायचं. जतहून कुणी आलं की विचारायचं, "डॉक्टर, ह्याला काय झालंय?"

उपाय अंड्यासोबतच येतो आणि आपण तो कचऱ्यात टाकतो. टरफलं धुवा, दहा मिनिटं पाण्यात उकळा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मिक्सरच्या लहान भांड्यात मैद्यासारखी दळा. चिमटीत धरल्यावर खरखर लागली तर वस्त्रगाळ करा. या पावडरीच्या एका सपाट चहाच्या चमच्यात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. टिप्याला दिवसाला अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त लागेल. तुमच्याकडं रोज तीन अंडी म्हणजे टरफलं उरूनच जातील, कुंडीतल्या गुलाबाला घाला.

कॅल्शियमचं भागलं तरी जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची तूट उरतेच. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या होत्या, संकेतस्थळांवरच्या होत्या, काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी पडला. माझी ही पाककृतीही त्याला अपवाद नाही. म्हणून कुत्र्यांसाठी मिळणारी खनिज-जीवनसत्त्वांची पावडर डॉक्टरांना विचारून, वजनाच्या मापानं रोज घाला. पाकिटावर कॅल्शियम भरपूर लिहिलेलं असेल तर टरफलाची पावडर त्या मानानं कमी करा. गोठ्यातलं म्हशीचं मिनरल मिक्श्चर घालून भागवू नका. ते पाचशे किलोच्या दुभत्या जनावराच्या हिशेबानं बनवलेलं असतं. माणसांच्या ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही नकोत, त्याचा अतिरेक मूत्रपिंडांवर बसतो.

ही पावडर रोज घालणं जमणार नसेल, तर स्पष्टच सांगतो, पाकिटातलं पूर्ण आहार म्हणून विकलं जाणारं खाणं परत सुरू करा. त्यात कमीपणा काही नाही. सकाळी कुकरमधलं आणि संध्याकाळी पाकिटातलं, अशी वाटणीही चालते. मग टरफलाची आणि खनिजांची पावडर सकाळपुरती, म्हणजे निम्मी. पाकिटातल्या खाण्यात ती आधीच घातलेली असतात.

तिसरा डबा वेगळा लावायला सांगतोय याचं खरं कारण आपली फोडणी आहे. सातारा-सांगलीकडच्या मसाल्याचं नावच कांदा-लसूण. कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजलेला असो की वाळवून कुटलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. वाळवलेला तर जास्तच, कारण अर्क घट्ट होतो. लगेच काही दिसत नाही. तीन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी तांबूस-तपकिरी होते, कुत्रं जिना चढताना धापा टाकतं. मुलांना हेही सांगा की भडंगातला एक घाससुद्धा त्याला नको, त्यात लसूण, मीठ आणि तिखट तिन्ही. आमटीतलं त्याला काही द्यायचंच असेल, तर कुकरमधून निघालेली डाळ तडका द्यायच्या आधी दोन चमचे काढून ठेवा. हळद चिमूटभर असली तर बाधत नाही, हळदीच्या सांगलीत तेवढी सूट दिलीच पाहिजे.

नवा खुराक एकदम देऊ नका. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवा आणि बाकी जुना, मग निम्मा, मग पाऊण, असं आठवड्याभरात उरकायचं. जुन्यातलं दूध मात्र आजच काढा, त्याजागी ताक. उरलेलं शिजवलेलं फ्रिजमध्ये तीन दिवसांवर ठेवू नका, आणि उन्हाळ्यात वीज जास्त वेळ गेली असेल तर तेवढंही नाही.

वजन महिन्याला बघा. तुम्ही एकट्या काट्यावर उभ्या राहा, मग टिप्याला उचलून, आणि वजाबाकी करा. काटा नसेल तर हातानं कळतं. स्वतःची मूठ वळून बोटांच्या गाठींवरून दुसरा हात फिरवा. त्याच्या बरगड्या तशा उघड लागल्या तर तो वाळलाय, खुराक दहा टक्के वाढवा. तळहात पसरून त्याच्याच पालथ्या बाजूवरून बोट फिरवा, तेवढ्या आवरणाखाली बरगड्या लागल्या की बेत जमला. दाबूनही बरगडी सापडत नसेल तर सासूबाईंच्या तिसऱ्या भाकरीची चौकशी करा. नवे केस यायला दोन-अडीच महिने धरा. तेवढ्यातही खाज थांबली नाही तर खाण्याच्या ॲलर्जीचा विचार करावा लागेल. दूध, चिकन, गहू हे त्यातले नेहमीचे संशयित. पण ती तपासणी डॉक्टरांच्या नजरेखाली, आठ आठवडे एकच ठरावीक आहार देऊन करायची असते. जवळ निदान झालं नाही तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं दाखवता येईल.

हा खुराक टिप्याचा आहे, शेजाऱ्यांच्या दोन महिन्यांच्या पिल्लाला, गाभण कुत्रीला किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला तो जसाच्या तसा लावू नका. त्यांची मापं वेगळी.

मुलांच्या खिशात बेदाण्यांऐवजी गाजराचे चण्याएवढे तुकडे द्या, नाहीतर उकडून, पिळून उन्हात वाळवलेल्या सोयाच्या वडीचे चार भाग करून द्या. 'शेकहँड' तेवढ्यावरही करेल.

राहिली बेंदराची पुरणपोळी. जायफळ पुरणात पडायच्या आधी सासूबाईंनी त्याच्या नावाचं लिंबाएवढं पुरण बाजूला काढावं आणि त्याचीच छोटी पोळी लाटावी. नैवेद्य झाल्यावर ती द्या, तूप न लावता. जायफळ जास्त पोटात गेलं तर कुत्र्याला त्याचा त्रास होतो. कटाची आमटी मात्र तुमची तुम्हीच संपवा.